सासूबाईंच्या विजेवर चालणारं मशीन

गाडी सुटता सुटता इल्देने डब्याच्या दारातून दोन वाक्यं सांगितली. पहिलं, "मशीन बघून ठेव." दुसरं, "घेऊ नकोस."

पहिल्या वाक्याला तिच्या नवऱ्याने, एराल्दोने, मान डोलावली. दुसऱ्या वाक्याच्या वेळी तो हात हलवत होता. मान डोलावणं वेगळं, हात हलवणं वेगळं, आणि हात हलवण्याला जगात कुणीही होकार मानत नाही, हे तो पुढचे अकरा दिवस स्वतःला समजावत राहिला.

गोष्ट इथेच सुरू होते. त्याआधी काय झालं ते एका दमात: तोरिनोला मुलगी बाळंत झाली, त्याच आठवड्यात घरातलं कपडे धुण्याचं मशीन वारलं, आणि जेनोवात फेब्रुवारी होता. फेब्रुवारीत समुद्रावरून जी राखाडी ओल चढते ती ओरेजिनाच्या टेकडीवर येऊन मुक्कामच ठोकते. सोमवारी वाळत घातलेला सदरा गुरुवारी काढावा, तर तो सोमवारपेक्षा ओला. म्हणून यंदा नुसतं धुणारं नव्हे, धुऊन वाळवणारं मशीन घ्यायचं होतं. एकाच पोटात दोन्ही. कपडे आत टाका, कोरडे काढा. ह्या कल्पनेनेच एराल्दोच्या अंगावर रोमांच उभे राहत. सहासष्ट वर्षांचा माणूस, पस्तीस वर्षं शाळेत यंत्रांची रेखाचित्रं काढायला शिकवलेलं. पण स्टेशनवरून घरी येताना तो जिना दोन दोन पायऱ्यांनी उतरला.

(उतरला, चढला नव्हे. त्याच्या इमारतीत वरच्या रस्त्यावरून शिरलात की तुम्ही थेट सहाव्या मजल्यावर असता. घर चौथ्यावर. खालचं दार तळाशी, दुसऱ्या गल्लीत. जेनोवात घरी जायला माणूस चढेल की उतरेल, हे तो कुठून येतोय त्यावर ठरतं.)

आता पणाला काय लागलंय ते.

जेनोवातला माणूस कुरकुर करतो ती मायेपोटी. जुने खलाशी म्हणे कमी पगारावर जहाजावर चढत, पण कुरकुर करण्याचा हक्क आधी कबूल करून घेत. इल्दे त्याच रक्ताची. फ्रिजबद्दल कुरकुर, जावयाबद्दल कुरकुर, समुद्र फार निळा असला तर त्याबद्दल कुरकुर. म्हणजे फ्रिज तिचा, जावई तिचा, समुद्रही तिचाच. पण एकोणीस वर्षांपूर्वी एराल्दोने एकट्याच्या अकलेवर एक सोफा आणला. मोहरीच्या रंगाचा. इल्देने तो पाहिला आणि ती काहीच बोलली नाही. आजतागायत बोललेली नाही. ती समोरच्या लाकडी खुर्चीवर बसते. अडतीस वर्षांच्या संसारात एराल्दोने घरासाठी निवडलेली ही एकमेव वस्तू, आणि तिच्या वाट्याला एक कुरकुरही आली नाही.

म्हणून ठरलं. अकरा दिवसांत, एकट्याने मशीन निवडायचं. आणि इल्देच्या तोंडून त्याच्याबद्दल एक तरी कुरकुर मिळवायची. छोटीशी असली तरी चालेल.


वहीचं पान पहिलं, एराल्दोच्या सरळ अक्षरात:

रकाना एक, उंची. रकाना दोन, रुंदी. तीन, खोली. चार, मिनिटाला फेऱ्या. पाच, आवाज (मांजर / माणूस / मोटरसायकल). सहा, दार कुठल्या बाजूला. सात, बटणं की चकती. आठ, घंटा वाजते का. नऊ, वाजते तर कुठल्या सुरात...

असे सतरा रकाने. सतराव्यात लिहिलं होतं: मन काय म्हणतं.


चौकाच्या पलीकडच्या इमारतीत, बरोबर समोरच्या खिडकीत आर्मिदा राहत असे. दोन खिडक्यांमधून कप्प्यांवर फिरणारी कपड्यांची दोरी होती, दोन्ही घरांची सामाईक. आधी ती आर्मिदा आणि एराल्दोच्या सासूबाई मिळून ओढत. सासूबाई गेल्यावर आर्मिदा आणि इल्दे. दोरी एकीने ओढली की दुसरीला बातमी मिळे. आर्मिदा एकाहत्तरची होती, पण हे फक्त तिच्या कागदपत्रांना माहीत होतं.

"प्रोफेसर, वाळवणारं घेऊ नका हो," ती चौकावरून ओरडली. "माझ्या नणंदेने घेतलं. नवऱ्याचा लोकरी स्वेटर आता कुत्र्याला येतो."

"मग नवरा काय म्हणतो?"

"नवऱ्याचं कोण विचारतंय? कुत्रा खूश आहे."

वरच्या खिडकीतून कॅप्टन ओबेर्तोचं डोकं बाहेर आलं. हा कॅप्टन नव्हताच. सार्डिनियाच्या बोटीवर तीस वर्षं इंजिनघरात होता. पण इमारतीत एक कॅप्टन असावा असं सगळ्यांना वाटायचं, आणि दुसरा उमेदवार नव्हता.

"एराल्दो, रंग बघू नकोस, आवाज बघू नकोस. कंप बघ! बोट कंपाने फुटते, पाण्याने नाही."

"पण हे मशीन आहे."

"आत पाणी आहे ना? गोल फिरतं ना? मग बोटच."

संध्याकाळी कॅप्टन पाण्याने काठोकाठ भरलेला पेला घेऊन खाली आला, न्हाणीघराच्या फरशीवर ठेवला आणि दोघं त्याच्याकडे वीस मिनिटं बघत बसले. मशीन अजून आलेलं नव्हतं. पेला हलला नाही. "शुभ आहे," कॅप्टन म्हणाला.

दुकानात एराल्दो तीन दिवस गेला. पहिल्या दिवशी त्याने मापं घेतली, दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच घेतली. तिसऱ्या दिवशी विक्रेतीने एक मशीन नमुन्यादाखल चालू केलं. आत एक लाल टॉवेल होता. तो आधी आळसावल्यासारखा लोळला, मग उडू लागला, आणि शेवटी नुसतं लाल वर्तुळ झालं, कंपासने काढल्यासारखं, कुठे म्हणून डगमग नाही. पस्तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने त्याला इतकं शुद्ध वर्तुळ काढून दिलं नव्हतं. सोळा रकाने जागच्या जागी गळून पडले. "हेच," तो म्हणाला.

"घरी वीज किती आहे?" विक्रेतीने विचारलं.

"सगळ्यांना असते तेवढी. तीन किलोवॅट."

"मग एका वेळी एकच काम करत चला."

एराल्दोला हा आयुष्यासाठीचा उपदेश वाटला. त्याने तिचे मनापासून आभार मानले.


जिन्यातल्या फळ्यावर, छापील:

लिफ्ट चार माणसांसाठी आहे. मशीन म्हणजे माणूस नव्हे. हुकुमावरून, इमारतीचे व्यवस्थापक, शाक्कालुगा.

त्याखाली पेन्सिलीने: माझी सासू मशीनपेक्षा जड आहे, तिचं काय?

त्याखाली: तिला जिन्याने आणा.

त्याखाली, वेगळ्या अक्षरात: सासूला बोलावतं कोण?

त्याखाली: चौथ्या मजल्यावर काय चाललंय? माझं झुंबर हलतंय. तिसरा मजला.

त्याखाली, ठसठशीत: हलत नाही. मी पेला ठेवून पाहिलंय. ओबेर्तो.


दोन हमालांनी मशीन दोन मजले खाली आणलं आणि प्रत्येक पायरीवर एकदा कुरकुरले, म्हणजे माणसं चांगली होती. ते न्हाणीघरात शिरलं. भिंतीला लागलं. एराल्दोने दार उघडलं, आणि दार अर्ध्यावर बिदेला आपटून थांबलं.

बिदे म्हणजे कमोडशेजारचं ते बसून धुवायचं बैठं भांडं. इटलीत ते नसलेलं घर म्हणजे छप्पर नसलेलं घर.

"काढून टाक ते," वरून कॅप्टन म्हणाला. न्हाणीघराच्या पाइपातून त्याला सगळं ऐकू जाई.

"बिदे काढलंत," चौकातून आर्मिदा ओरडली, "तर इल्दे तुम्हाला काढेल!"

शेवटी एराल्दोने पस्तीस वर्षांचा अनुभव पणाला लावला, तिन्ही बाजूंनी आराखडा काढला आणि सिद्ध केलं की माणूस बिदेवर बसला तर अर्ध्या उघड्या दारातूनही मशीन आरामात भरता येतं. उलट बैठकीची सोयच झाली. असं मशीन अख्ख्या लिगुरिया प्रांतात दुसरीकडे नसेल. तो स्वतःवर इतका खूश झाला की त्याने स्वतःसाठी मोका पात्रात कॉफी चढवली, फोकाच्या नावाचा चपटा पाव गरम करायला ओव्हन लावला, पहिले कपडे भरले, चकती फिरवून 'धुणे आणि वाळवणे'वर आणली, बिदेवर पाय पसरून बसला आणि मोठ्या दिमाखात बटण दा


(वीज गेली. मीटर तळमजल्यावर. चार मजले उतरायचे, खटका वर करायचा, चार मजले चढायचे. गोष्ट थोडी थांबेल.)


बलं.

आता कळलं? एका वेळी एकच काम. कपडे वाळवायला लागणारी वीज आणि ओव्हनला लागणारी वीज ह्यांची बेरीज तीनच्या पुढे गेली की मीटर हात वर करतो. त्या रविवारी एराल्दो पाच वेळा तळाला जाऊन आला. एकदा ओव्हनमुळे, एकदा इस्त्रीमुळे, एकदा केस वाळवायच्या यंत्रामुळे (त्याला केस तीनशे असतील, पण सवय होती), आणि दोनदा कशामुळे ते कळलंच नाही. प्रत्येक वेळी मशीन दार घट्ट मिटून बसे आणि आतले मोजे काचेला नाक लावून त्याच्याकडे बघत.

पण त्याचा उत्साह मात्र मीटरसारखा नव्हता. उडाला तरी चार मजले खाली न जाता परत यायचा. वीज वाढवून घ्यायची, बस्स! तीनची साडेचार. फोन फिरवला की झालं.

मंगळवारी सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभं राहून, फोनचा आवाज मोठा ठेवून, त्याने वीज कंपनीला फोन लावला. सत्तावीस मिनिटं संगीत ऐकलं. मग एक मुलगी बोलू लागली.

"करार सिन्योरा कोलोम्बा यांच्या नावावर आहे. त्यांना फोन द्या."

कोलोम्बा म्हणजे सासूबाई. घर मूळचं त्यांचं. बिलं बँकेतून आपोआप जात, त्यामुळे नावाकडे बघायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

"त्या... आता इथे नसतात," एराल्दो म्हणाला.

"मग येतील कधी?"

एराल्दो प्रामाणिक माणूस होता. "अवघड आहे," तो म्हणाला.

"सर, वारल्या असतील तर तसं सांगा. त्याची वेगळी पद्धत आहे. मृत्यूचा दाखला, वारसाचा कागद, घराचा कागद, मग साठ दिवस. हयात असतील तर फोनवर 'मान्य' म्हणतील, दोन दिवसांत काम होईल. हयात आहेत का?"

साठ दिवस. आणि इल्दे परवा यायची होती. येणार, ओव्हन लावणार, अंधार होणार आणि ती गप्प होणार. एराल्दोच्या डोळ्यांपुढे सोफा उभा राहिला. त्याच्या तोंडून हो निघेना, नाही निघेना.

"अहो, द्या इकडे!" चौकाच्या पलीकडून आर्मिदा म्हणाली. तिने सगळं ऐकलं होतं. सगळ्या चौकाने ऐकलं होतं. "टोपलीत टाका!"

दोरीला चिमट्यांची टोपली लटकत होती. आर्मिदाला घरून उतरून, वळसा घालून, इकडे चढून यायला पंधरा मिनिटं लागली असती. एराल्दोने डोळे मिटून चालू फोन चिमट्यांवर ठेवला आणि दोरी ओढली. कप्पी किरकिरली. 'हयात आहेत का, सर? सर?' असं विचारत फोन चार मजल्यांच्या पोकळीवरून, दोन ओल्या पायजम्यांच्या शेजारून पलीकडे गेला.

"कोण बोलतंय?" आर्मिदाचा आवाज एकदम खाली उतरला, जाडसर झाला आणि कोलोम्बाचा झाला. वीस वर्षांनी तो आवाज ऐकून एराल्दोने नकळत पोट आत घेतलं. "मोठ्याने बोल. मी काही तुझ्यासारखी कोवळी नाही."

"सिन्योरा कोलोम्बा?"

"नाही तर कोण, पोप?"

"जन्मतारीख सांगाल?"

आर्मिदाने फोनवर हात ठेवून भुवया उंचावल्या. एराल्दोने बोटं दाखवली. आधी दिवसाची, मग महिन्याची, मग वर्षाची. वर्षाला बोटं पुरेनात म्हणून वरून कॅप्टनने आपली चार दिली. तारीख गेली.

"सिन्योरा! तुम्ही एकशे दोन वर्षांच्या आहात!"

"मग? वीज काय वय बघून येते?"

"नाही, नाही! तीनची साडेचार करायची, मान्य?"

"मान्य."

"एवढी वीज लागते कशाला हो तुम्हाला?"

"जावयाने मशीन आणलंय. शाळेत रेघा मारायचा तो. जन्मभर सरळ रेघा मारल्या, आता म्हातारपणी गोल फिरायची हौस आलीय."

मुलगी खळखळून हसली. मग तिचा आवाज उत्साहाने चढला. अशी ग्राहक आमच्याकडे दुसरी नाही, सिन्योरा! साहेबांना सांगते! गुरुवारी पाच वाजता ते स्वतः फुलं घेऊन येतील, फोटो काढतील, चालेल?

एराल्दो खिडकीत दोन्ही हातांनी फुल्या मारत होता. पण आर्मिदाचे डोळे लकाकत होते. सतराव्या वर्षी चर्चच्या नाटकात ती एकदा उभी राहिली होती, त्यानंतर तिच्यासाठी कुणी टाळी वाजवली नव्हती.

"या की!" ती म्हणाली. "केक आणा. क्रीमचा नको, मला पचत नाही."


बुधवारचा दिवस भेट रद्द करण्यात गेला. फोनवर आधी दोन दाबायचं, मग पाच, मग पुन्हा दोन, आणि मग 'आपली भेट निश्चित झाली आहे, धन्यवाद' असं ऐकायचं. चार वेळा धन्यवाद मिळाले.

गुरुवारचा बेत मात्र एराल्दोने वेळेच्या रेषेवर काढला. पाचला साहेब. साडेपाचला साहेब गेलेले. पावणेसातला इल्देची गाडी. मधल्या वेळात आर्मिदाला परत आर्मिदा करायचं.

"एकशे दोन?" आर्मिदा आरशासमोर उभी राहून म्हणाली. "मी? कितीही अंधार करा प्रोफेसर, नव्वदच्या वर मी जाणार नाही."

"पंच्याण्णव," कॅप्टन म्हणाला. त्याने स्वतःचं बोटीवरचं घोंगडं आणलं होतं.

"एक्याण्णव. आणि ते घोंगडं माशांचा वास मारतंय."

"म्हातारपणाचा वास येतो तो."

"तुझा येतो."

खिडक्यांच्या झडपा बंद झाल्या. आर्मिदाला घोंगड्यात गुंडाळून खुर्चीत बसवलं. आणि एराल्दोला राहवेना. दोन दिवस तर झाले होते! वीज आता साडेचार असणारच. इल्दे येईल तेव्हा तिचा पांढरा तागाचा टेबलक्लॉथ, पडदे, चादरी, सगळं स्वच्छ, कोरडं, घडी घालून, आणि ओव्हनमध्ये पालेभाजी-अंड्यांची तोर्ता सोनेरी होत असलेली. तो बिदेवर बसला. आठ किलो कपडे तराजूने मोजून भरले. मशीन सुरू केलं. मग स्वयंपाकघरात गेला, तोर्ता ओव्हनमध्ये सरकवली, चकती एकशे ऐंशीवर आण


(वीज गेली.)


चार मजले खाली. खटका वर. खटका लगेच खाली. वरून जिन्याच्या पोकळीतून कॅप्टन गरजला, "भट्टी बंद कर आधी, भट्टी! इंजिनघरात कधी गेला नाहीस काय?" चार मजले वर, ओव्हन बंद. पुन्हा चार मजले खाली. पुन्हा खटका. ह्या वेळी मीटरने काही तरी आकडे दाखवले आणि रुसून तोंड काळं केलं.

दुसऱ्यांदा वर चढताना तिसऱ्या मजल्यावर त्याला स्वतःच्या दारातून आवाज आले. एक पुरुषाचा, तुपाळ. त्याने शेवटच्या पायऱ्या कठडा धरून धरून पार केल्या.

बोळात संधिप्रकाश होता. एका ओव्हरकोटातल्या साहेबांच्या हातात फुलं, त्यांच्यामागे कॅमेरा घेतलेली बाई. आणि त्यांच्यापुढे, पायाशी बॅग, हातात घराची किल्ली, इल्दे. ती आधीच्या गाडीने आली होती. नातवाने चार रात्री झोपू दिलं नव्हतं आणि ते तिच्या चेहऱ्यावर साफ लिहिलं होतं. खुर्ची रिकामी होती. न्हाणीघराचं दार आतून बंद होतं, आणि दारात घोंगड्याचं एक टोक अडकलं होतं.

साहेब कमरेत वाकून इल्देचा हात हातात घेत म्हणत होते, "सिन्योरा कोलोम्बा! एकशे दोन वर्षं! आणि काय ताठ उभ्या आहात हो तुम्ही!"

इल्दे त्रेसष्टची होती.

तिने हळूच मान वळवली आणि एराल्दोकडे पाहिलं. ती काही बोलली नाही.

एराल्दोने ती शांतता ओळखली. एकोणीस वर्षांची ओळख होती. संपलं, त्याच्या मनात आलं. मशीन अजून पाहिलंही नाही तिने, आणि संपलं.

"मंगळवारी आमच्या मुलीशी किती छान बोललात!" साहेब सांगत होते. "ह्या वयात साडेचार किलोवॅट मागणारी बाई आम्ही पाहिली नाही. आणि हे कोण?"

इल्दे अजून एराल्दोकडेच बघत होती. तिने फुलांवरून नजर फिरवली, रिकाम्या खुर्चीवरून, दारात अडकलेल्या घोंगड्यावरून. मग ओठ मुडपले. मग तिच्या तोंडून तिच्या आईचा खरा, अस्सल आवाज निघाला.

"जावई. शाळेत रेघा मारायचा."

न्हाणीघरात कुणी तरी तोंडावर हात दाबून हसलं.

"साडेचार मागितले म्हणता ना?" इल्दे पुढे म्हणाली. "मग कुठायत? एकशे दोन वर्षांच्या बाईला अंधारात उभं करून फुलं देता? माझ्या अंत्यसंस्काराची तालीम चाललीय का?"

साहेबांचा तुपाळपणा वितळला. त्यांनी कॅमेरावालीला थांबायला सांगितलं, फोन काढला, कुणावर तरी ओरडले. आत्ताच्या आत्ता! आजी अंधारात आहेत! पाच मिनिटांनी त्यांनी मान डोलावली, आणि जावई तिसऱ्यांदा तळाला गेला. खटका वर केला. खटका वरच राहिला. वरच्या चार मजल्यांतून एक आरोळी उठली; त्यात तिसऱ्या मजल्याचाही आवाज होता.

तो परतला तेव्हा बोळातला दिवा लख्ख लागला होता आणि साहेब इल्देकडे डोळे बारीक करून बघत होते.

"सिन्योरा, तुमची त्वचा..."

"ऑलिव्हचं तेल," इल्दे म्हणाली. "आणि जावयाशी कमी बोलायचं."

"एक फोटो तरी..."

"फोटो नको. नजर लागते. ह्या वयात परवडत नाही. केक तेवढा ठेवा."

दार लागलं. इल्देने फुलं सिंकमध्ये उभी केली, कोट काढला. "उद्या मी स्वतः जाऊन आईचं नाव काढून येते," ती स्वतःच्या आवाजात म्हणाली. "दाखला कपाटात आहे. वीस वर्षं. विचारलं असतंस तर." बस्स, एवढंच. हे आईच्या नावाबद्दल होतं. मशीनबद्दल नव्हतं.

ती न्हाणीघराकडे गेली आणि दारावर टकटक केली. आर्मिदा बिदेवर घोंगडं पांघरून बसली होती.

"आलीस? बाळ कसं आहे?"

"गोड आहे. ऊठ."

आर्मिदा उठली. इल्दे तिच्या जागी बसली. बसणं भागच होतं, उभं राहायला जागा नव्हती. समोरच्या काचेत तिचा टेबलक्लॉथ गोल फिरत होता. वीज आल्यावर मशीनने जिथे सोडलं होतं तिथून मुकाट्याने धरलं होतं. फेऱ्या वाढल्या. तागाचं पांढरं वर्तुळ झालं, शुद्ध, कंपासचं. एराल्दो दाराच्या चौकटीला धरून उभा होता. चार मजल्यांची धाप अजून गेली नव्हती, आणि आता श्वास घ्यायचीही हिंमत होईना.

इल्दे बोलली नाही. तिने चकतीवरून बोट फिरवलं. दाराची कड चाचपली. मग पुढे वाकून दाराशेजारी चिकटवलेली कागदाची पट्टी वाचली. पट्टी पहिल्या दिवसापासून तिथेच होती.

"आठ किलो धुतं," ती म्हणाली.

"हो," एराल्दो म्हणाला. "मी तराजूने..."

"पाच किलो वाळवतं."

एराल्दोला वही आठवली. सतरा रकाने. घंटेच्या सुराला रकाना होता, मनाला रकाना होता. धुणं किती आणि वाळवणं किती ह्या दोन वेगळ्या गोष्टी असतात, ह्याला नव्हता.

मशीन थांबलं. टेबलक्लॉथ ओला गोळा होऊन खाली बसला. वरच्या पाइपाशी कॅप्टनने श्वास धरला असावा.

"मग उरलेले तीन किलो," इल्दे म्हणाली, आणि तिचा आवाज हळूहळू तापू लागला, "उरलेले तीन किलो ओले काढून मी काय डोक्यावर वाळवू? आठ धुणार आणि पाच वाळवणार, हा कुठला हिशोब? आणि दार ह्या बाजूला? डावखुऱ्यासाठी बनवलंय का? आणि बटणांवरची अक्षरं बघ, मुंग्यांनी लिहिलीत. आणि साबणाचा कप्पा इतका आत, म्हणजे माझा हात काय माकडाचा आहे? आणि..."

एराल्दोचे डोळे भरून आले. बोलू दे. देवा, बोलू दे तिला.

"मी म्हटलंच होतं गं," आर्मिदा म्हणाली. "माझ्या नणंदेचं..."

"तू गप्प बस. माझ्या मशीनला नावं ठेवायची नाहीत."

"अगं, तूच आत्ता..."

"मी ठेवीन. माझं आहे."

वरच्या पाइपातून दीर्घ उसासा आला. एराल्दोला आता चेव चढला होता. खात्री करून घ्यावी, पक्की, कागदावर उतरवल्यासारखी, असं त्याला वाटलं. त्याने शक्य तितकं तोंड पाडलं.

"मग परत पाठवू का? दुकानवाली घेईल."

इल्दे बिदेवरून उठली, मशीनसमोर आडवी उभी राहिली आणि मागे न बघता एक हात मशीनच्या डोक्यावर ठेवला.

"हात लावून तर बघ," ती म्हणाली. "आणि घंटा. घंटा कुठल्या सुरात वाजते ह्याची? ऐकली होतीस का घेण्याआधी?"